मागीलदारच्या पन्हळी: एप्रिल ते जून २०२५ च्या कामाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५

रामनवमी. ऊन कलल्यावर शिडी लावून मागीलदारची पन्हळ, म्हणजे घरामागच्या छपराच्या कडेला पावसाचं पाणी झेलणारी पत्र्याची नाळ, पाहिली. खालून जेवढी वाईट दिसते त्याहून वाईट आहे. आतल्या कोपऱ्यात हातभर लांबीला तळच उरलेला नाही. पत्र्याच्या जागी गंजाचे पापुद्रे, त्यावर कुजलेल्या पातेऱ्याची काळी माती आणि मातीत उगवून वाळलेलं गवत. पेचकस टेकवला तर आरपार गेला.

घराची मांडणी आधीच लिहून ठेवते, पुढे लागेल. देवगड तालुका, खाडी जवळच. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं. मुख्य घराचं आढं दक्षिणोत्तर. पुढची पाखी (छपराची उतरती बाजू) पश्चिमेला खळ्याकडे, मागची पूर्वेला. उत्तरेच्या टोकाला स्वयंपाकघर काटकोनात पूर्वेकडे बाहेर निघतं. त्यामुळे मागे एक आतला कोपरा तयार होतो आणि दोन छपरं जिथे मिळतात तिथे खोलगट पत्रा आहे. मिस्त्री लोक त्याला व्हॅली म्हणतात. या व्हॅलीचं पाणी, मागच्या पाखीचं पाणी आणि स्वयंपाकघराच्या पाखीचं पाणी, सगळं त्या एका कोपऱ्यात आणि तिथून एका नळात.

एक गोष्ट मात्र खटकली. त्याच पन्हळीचा दक्षिणेकडचा तुकडा शाबूत आहे. माती खरवडली तर खाली जस्ताची राखाडी झाक अजून दिसते. पत्रा तोच, साल तेच, पाऊस आणि खारी हवाही तीच. बाबांनी तेव्हा हट्टाने २२ गेजचा जाड पत्रा घेतला होता. मग एक टोक राहिलं आणि दुसरं गेलं कशामुळे?

९ एप्रिल

मिस्त्री येऊन गेले. पत्र्याची कामं करणारे हे आमच्या पंचक्रोशीतले शेवटचेच म्हणायचे. बाकीचे आता फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डिंग करतात. त्यांनी पत्र्याकडे पाहिलंच नाही. पाण्याची लेव्हल-ट्यूब (दोन जागांची उंची ताडून बघायची पाणी भरलेली नळी) काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाय, पत्रो मगे बघूया. आधी पाण्याक इचार."

पाण्याने सांगितलं ते असं: कोपऱ्याचा तळ नळाच्या तोंडापेक्षा दीड सेंटिमीटर खाली आहे. वाशांच्या टोकांना मारलेली फळी तिथे कुजली, पन्हळ धरून ठेवणारा लोखंडी आकडा बसला, पन्हळ खाली झुकली. तेव्हापासून पाऊस संपल्यावरही तिथे पाणी साचून राहतं आणि त्यात फणसाची, आंब्याची पानं कुजतात. जस्ताला वाहतं पाणी बाधत नाही. साचलेलं, कुजक्या पानांचं आंबूस पाणी महिनोन्‌महिने लागून राहिलं की थर जातो आणि मग लोखंडाला कुणी वाली उरत नाही. दक्षिणेचं टोक उंच राहिलं, दर पावसानंतर कोरडं झालं, म्हणून वाचलं. जाड पत्र्याने चार-दोन वर्षं जास्त दिली असतील, एवढंच.

पुढच्या पन्हळीची कथा वेगळी. तिथे आकडे चार-चार फुटांवर आहेत, मधे पोट सुटलंय. ती गंजलेली कमी आणि वाकलेली जास्त. मिस्त्रींच्या मते तीही काढावी. माझंही तेच मत झालं, कारण परांची दोनदा बांधण्याचा खर्च पन्हळीपेक्षा जास्त होईल.

मापं: पुढची पन्हळ ९.३ मीटर. मागची ४.७ मीटर. स्वयंपाकघराची दक्षिण बाजू ४.६ मीटर. व्हॅली वरपासून खालपर्यंत ४.६ मीटरच्या आसपास.

१० एप्रिल

रात्री हिशोब मांडला. छपराचं क्षेत्र उतारावर मोजायचं नाही, जमिनीवर पडणाऱ्या सावलीएवढं धरायचं. पुढची पाखी साधारण ४२ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर. ताशी १०० मिमीचा जोर धरला (आमच्याकडे जुलैत असा जोर काही मिनिटं तरी असतोच) तर पुढच्या पाखीवरून तासाला ४,२०० लिटर, म्हणजे मिनिटाला ७० लिटर.

मागे तर कोपऱ्यात सगळं मिळून ५० चौरस मीटरच्या आसपासचं पाणी येतं, आणि उतरायला नळ ७५ मिमीचा. इमारत संहितेतल्या तक्त्यात ताशी १०० मिमी पावसाला ७५ मिमीचा नळ सुमारे २० चौरस मीटर छपराचं पाणी नेतो आणि १०० मिमीचा सुमारे ४२ चौरस मीटरचं. म्हणजे आमच्या नळावर अडीचपट भार होता. कोपऱ्यात पाणी तुंबणार, ओसंडणार, भिंतीवर येणार, फळी भिजणार, कुजणार, आकडा बसणार. पुढचं सगळं ओघानेच.

व्यास थोडा वाढला की नळाची ताकद किती वाढते हे तक्त्यात बघण्यासारखं आहे. ७५ चा १०० केला की पाणी दुपटीने जातं. किमतीत तेवढा फरक नाही.

ठरलं ते असं. मागच्या पन्हळीचा उतार उलटा फिरवायचा: कोपऱ्याकडून दक्षिणेकडे, आणि तिकडे तिचा स्वतंत्र नळ. कोपऱ्यात फक्त व्हॅली आणि स्वयंपाकघर, म्हणजे ३० चौरस मीटर. तिथे पत्र्याची खोल पेटी, तिच्या तळातून ११० मिमीचा नळ सरळ खाली. पुढच्या पन्हळीला मधे उंचवटा देऊन दोन्ही टोकांना उतार आणि दोन नळ. उतार मीटरला ५ मिमी. एकाच टोकाला पाणी न्यायचं तर ९.३ मीटरवर साडेचार सेंटिमीटरचा फरक पडतो, पन्हळ तिरकी दिसते आणि खालच्या टोकाला कौलांपासून लांब जाते. दोन टोकांना वाटला की सव्वादोन सेंटिमीटर. डोळ्याला कळतही नाही.

१३ एप्रिल

सामान कशाचं घ्यायचं यावर घरात बैठक. आईचं म्हणणं, "पीव्हीसी घाल, गंजाचा प्रश्नच मिटला." मुंबईच्या भावाचंही तेच, त्याने फोटोही पाठवले. वाडीत बऱ्याच जणांनी सहा इंची पाईप उभा चिरून पन्हळी केल्या आहेत आणि त्या स्वस्तात पडतात हे खरंच.

माझे आक्षेप दोन. पहिला, पीव्हीसी उन्हात वाढतं. मीटरला दर अंशामागे साधारण ०.०७ मिमी धरलं तर ९.३ मीटरची पन्हळ थंडीतल्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत ३० अंशांच्या फरकाला जवळपास २ सेंटिमीटर लांब होते. पोलादाचा पत्रा तेवढ्याच फरकाला ३-४ मिमी. तयार पन्हळीच्या जोडात रबर असतं, त्यात ही सरक सामावते. पण चिरलेला पाईप सोल्युशनने चिकटवून जखडला की जोड सुटतो किंवा आकडे उपटतात. दुसरा आक्षेप वांदरांचा. आंब्याच्या दिवसांत त्यांचा कळप फणसावरून थेट पन्हळीवर उडी मारतो. ऊन खाऊन चार-पाच वर्षांत कडक झालेलं प्लास्टिक त्या उडीला टिकत नाही. शेजारच्या आबांच्या गोठ्यावर त्याचा पुरावा लोंबतो आहे.

रंगीत कोटिंगचा पत्रा पाहिला. त्यावर बहुतेकदा ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी जवळजवळ सगळं जस्त असा थर असतो. टिकतो चांगला, पण त्याला डाग (कथील-शिशाचा सांधा) बसत नाही. जोड नुसत्या सीलंटवर सोडावे लागतात. आमच्याकडे डाग देणारा माणूस आहे, मग साधा जस्ती पत्राच बरा.

गेज २४, म्हणजे ०.५६ मिमी. २२ गेज ०.७१ मिमी भरतो. मिस्त्रींनी २४ सांगितल्यावर आई नाराज झाली, बाबांच्या पत्र्यापेक्षा पातळ म्हणून. तिला दक्षिणेचा तुकडा आणि कोपऱ्याचा तुकडा शेजारी शेजारी ठेवून दाखवले. पत्र्यात वाचलेले पैसे आकड्यांत घालायचे: चार फुटांऐवजी दोन फुटांवर आकडा. "बाबा असते तर दोन्ही केलं असतं," असं म्हणून ती आत गेली. तेही खरं असावं.

१९ एप्रिल

कणकवलीला जाऊन पत्रा आणला. जस्ताचा थर किती हे विचारलं तर दुकानदाराने आधी "चांगला आहे" एवढंच सांगितलं. चिकाटीने विचारलं तेव्हा गठ्ठ्यावरचा छाप दाखवला: १२० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त. हा आकडा दोन्ही बाजू मिळून असतो. १२० म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन जस्त. २७५ चा पत्रा घेतला तर बाजूला १९-२० मायक्रॉन. जाडी तीच, चमक उलट कमी, आयुष्य दुपटीहून जास्त. तो मागच्या गोदामातून काढावा लागला. गेज सगळे विचारतात, जस्त कुणी विचारत नाही, त्यामुळे दुकानात दर्शनी भागात असतो तो १२० चाच.

८ बाय ४ फुटांचे चार पत्रे घेतले. एकाचं वजन १३ किलोच्या आसपास. ४ फुटी रुंदीचे तीन भाग केले की ४०६ मिमीची पट्टी मिळते: तळ १५०, भिंतीकडची बाजू १२५, बाहेरची ११०, वरच्या दोन घड्यांना १०-१० मिमी. काही वाया जात नाही. बाहेरची बाजू मुद्दाम बुटकी. पन्हळ कधी ना कधी ओसंडणारच, आणि ओसंडली तर पाणी बाहेर अंगणात पडलं पाहिजे, भिंतीकडे नाही. तीन पत्र्यांतून नऊ पट्ट्या, लागतात आठ; नववीतून टोकाची झाकणं आणि पेटी. चौथा पत्रा उभा दोन भाग करून व्हॅलीला.

२७ एप्रिल

जुन्या पन्हळी उतरवल्या. पुढची सहज निघाली. मागच्या कोपऱ्यात आकड्याचे बोल्ट गंजून एकजीव झालेले, ग्राइंडरने कापावे लागले. फळी हाताने सोलता आली. आत वाळवी नाही, नुसती कूज. सुदैवाने वाशांची टोकं ठणठणीत आहेत, फक्त कोपऱ्यातला एक वासा बोटभर मऊ लागला. त्याला बाजूने लाकूड जोडून भागेल असं सुतारकाकांचं मत.

चिऱ्याच्या भिंतीवर मात्र परिणाम दिसतो. जांभा ओला-कोरडा होत राहिला की वरचा थर चुरा होऊन गळतो. कोपऱ्यात जोत्यापासून कमरेपर्यंत भिंत खरवडल्यासारखी झाली आहे. पूर्वी पावसाळ्याआधी भिंतींना झावळ्यांची झापं बांधत ती या साठीच. आता झापं विणणारं घरात कुणी नाही, मग पन्हळीने तरी आपलं काम चोख करायला हवं.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. कामाला कुणीही नाही. सगळे आंब्यावर. सुतारकाका स्वतः पेट्या भरायला गेले आहेत.

४ मे

फळी बसली. परड्यात पडलेल्या फणसाचं लाकूड दोन वर्षं वाळत होतं, त्याच्याच फळ्या काढल्या. लावण्याआधी सगळ्या बाजूंना आणि खास करून कापलेल्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल दिलं. होड्यांना देतात तेच. कातडीवर पडलं तर भाजतं, म्हणून हातमोजे आणि बाह्यांना खोबरेल. टोकांना दोन हात दिले. पाणी लाकडात शिरतं ते तिथूनच.

आकडे लोहाराकडून करून घेतले, २५ बाय ५ मिमी पट्टीचे. पन्हळ काठोकाठ भरली तर मीटरला साडेसोळा लिटर पाणी राहतं, म्हणजे तेवढेच किलो. दोन फुटांवर आकडा असेल तर प्रत्येकावर १० किलो. चार फुटांवर २० किलो, शिवाय वांदर. जुन्या पन्हळीला पोट का सुटलं हे यातच आलं.

आकडे मारण्याची पद्धत लिहून ठेवते. आधी लेव्हल-ट्यूबने दोन टोकांच्या खुणा, मग त्यांच्यामध्ये ताणून दोरी, मग दोरीला टेकवून आकडे. कौलांची कड बघून पन्हळ लावायची नाही. जुन्या घराची कड कधीच सरळ नसते. आमची मागची कड ४.७ मीटरमध्ये दोन बोटं उत्तरेला खाली आहे, म्हणजे आपल्याला हव्या त्या उताराच्या अगदी उलट. डोळ्याला पन्हळ वाकडी दिसते म्हणून आई दोनदा विचारून गेली. मिस्त्री म्हणाले, "घर वाकडा आसा, पन्हळ सरळ आसा."

लोखंडी आकडा जस्ती पत्र्याला उघडा टेकला की ओलीत तिथलं जस्त आधी खर्ची पडतं. म्हणून आकड्यांना रंग, आणि रंगावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी.

११ मे

हवामान खात्याने काल जाहीर केलं: मोसमी पाऊस केरळात २७ मेच्या सुमारास, चार दिवस मागेपुढे. नेहमीची तारीख १ जून. आमचं सगळं वेळापत्रक मृगाच्या हिशोबाने, म्हणजे ७-८ जूनपर्यंत, बेतलेलं होतं. आता आधी मागची बाजू पूर्ण करायची, पुढची नंतर. मिस्त्रींनी होकार दिला, पण त्यांच्या हातात आणखी दोन घरांची कामं आहेत आणि त्या घरांनीही आजच हवामान ऐकलं असणार.

१४ मे

जोडांचा दिवस. आज शिकायला मिळालं तेवढं सगळ्या कामात मिळालं नव्हतं, म्हणून सविस्तर.

पट्ट्या लाकडी ठोकळ्यावर, लाकडी हातोडीने वळवल्या. लोखंडी हातोडीने जस्ताचा थर घडीवर तडकतो. दोन पट्ट्यांचा जोड १० सेंटिमीटर एकावर एक. वरच्या अंगाची पट्टी खालच्या अंगाच्या पट्टीच्या आत, म्हणजे वाहतं पाणी जोडाच्या तोंडावर आपटत नाही. दोन रांगांत रिव्हेट, एकमेकांच्या आड. मग आतून डाग.

तांब्याच्या डोक्याचा दांडा कोळशाच्या शेगडीत तापतो. तापला की नवसागराच्या खड्यावर घासायचा. पांढरा धूर निघतो आणि तांबं लख्ख होतं. पत्र्यावर आधी पातळ केलेलं मीठाचं आम्ल काडीने फिरवायचं. साध्या लोखंडाला आम्लात जस्ताचे तुकडे विरघळवून घ्यावे लागतात. जस्ती पत्र्याला त्याची गरज नाही, वरचं जस्तच ते काम करतं. मग कथील-शिशाची कांडी आणि तापलेलं तांबं एकत्र फिरवत न्यायचं. डाग वर नुसता बसला तर उपयोगाचा नाही, तो दोन पत्र्यांच्या मध्ये ओढला गेला पाहिजे. मिस्त्री जोडाच्या दुसऱ्या बाजूला बघत होते: तिथे चंदेरी रेघ उमटली की झालं. न उमटलेल्या एका जोडाला त्यांनी पुन्हा उष्णता दिली.

त्यानंतरचं काम कुणी सांगत नाही आणि बरेच जण करत नाहीत: आम्ल धुऊन काढणं. सोडा घातलेल्या पाण्याने, मग साध्या पाण्याने. राहिलेलं आम्ल पहिल्याच पावसाळ्यात जोडाशेजारी गंजाची रांगोळी काढतं.

जिथे डाग शक्य नाही, म्हणजे पीव्हीसी नळ पेटीला मिळतो तिथे, सीलंट. सिलिकॉनच्या नळीला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती जस्तावर लावायची नाही. त्यातून सुटणारं आम्ल पत्र्याला खातं. न्यूट्रल लिहिलेली नळी मागायची. देवगडच्या दोन दुकानांत नव्हती, तिसऱ्यात मिळाली.

पेटीचं तोंड नऊ इंच, खोली दहा इंच. बाहेरच्या बाजूला वरून दोन इंचांवर आडवी फट ठेवली. नळ कधी तुंबला तर पाणी त्या फटीतून अंगणात पडेल आणि पेटी बोलून दाखवेल. खालच्या नळावर बसवायला तारेची घुमटासारखी जाळी केली. सपाट जाळी एका फणसाच्या पानाने झाकली जाते. घुमटाला बाजूंनीही पाणी घेता येतं.

१७ मे

व्हॅली. जुन्यात दोन्ही बाजूंची कौलं सिमेंटने पत्र्यावर बसवली होती. ओलं सिमेंट जस्त खातं, वाळलं की भेगाळतं, आणि दोन बोटांच्या फटीत पानं अडकतात. या वेळी सिमेंट अजिबात नाही. पत्र्याच्या दोन्ही कडा वर उलटवून घेतल्या, म्हणजे पाणी कौलांखाली सरकत नाही. मधोमध बोटभर उंचीची उभी घडी: मुख्य छपराची पाखी मोठी, तिचं पाणी जोरात येतं आणि सपाट पत्र्यावरून पलीकडच्या कौलांखाली घुसतं, ही घडी त्याला अडवते. कौलं ग्राइंडरने तिरकी कापून मधे पाच इंच मोकळी जागा ठेवली. तोंडाला फडकं बांधूनही लाल धूळ रात्रीपर्यंत नाकात होती. कापलेली लहान कौलं सुटी राहिली तर घसरतात, म्हणून प्रत्येकाला भोक पाडून तारेने रिपेला बांधलं.

१८ मे

मागच्या बाजूची पाण्याने चाचणी. विहिरीच्या पंपाचा पाईप आढ्यावर नेऊन व्हॅलीत सोडला. पेटी झकास. दक्षिणेच्या नळाच्या अलीकडे पन्हळीत ताटलीएवढं पाणी राहिलं. एक आकडा किंचित वर वाकवल्यावर गेलं. आबा बघायला आले होते. त्यांचा प्रश्न, "वायच आणखी उतार दिलो असतो तर?" दिला असता तर खालच्या टोकाला पन्हळ कौलापासून लांब गेली असती आणि जोराच्या वाऱ्यात पागोळी पन्हळीच्या मागून भिंतीवर आली असती. कौल पन्हळीत दीड-दोन इंच शिरलेलं हवं, आणि कौल व पन्हळ यांच्यात फार अंतर नको.

२१ मे

पाऊस. वळवाचा म्हणावा तर थांबायला तयार नाही. समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र झालंय. उशिराचा आंबा झाडावर आहे त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

पुढची पन्हळ अजून पडवीत आडवी. दोन नळ जोडायचे आहेत, आकडे तेवढे लागलेत. पुढच्या दाराशी पागोळ्यांची भिंत. संध्याकाळी आबा पोफळीचा चिरून कोरलेला सोट खांद्यावर घेऊन आले, त्यांच्या बागेतल्या पाटाचा. नव्या आकड्यांत तो दाराच्या वर सुंभाने बांधला. पूर्वी सगळ्या घरांना हेच असायचं आणि दोन-तीन वर्षांनी बदलायचं. दार कोरडं झालं.

२५ मे

काल दुपारी कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आला. रात्रभर वारा. आज मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं जाहीर झालं. केरळात तो कालच आला. मृगाला अजून दोन आठवडे आहेत.

छत्री घेऊन मागीलदारी बराच वेळ उभी राहिले. व्हॅलीचं पाणी पेटीत पडताना मोठ्या सरीला पेटीच्या पुढच्या काठावरून उडत होतं. चाचणीत हे दिसलं नव्हतं. पंपाच्या धारेला एवढा वेग कुठला. नववी पट्टी थोडी उरली आहे, तिचा एक तुकडा आडवा लावून पाण्याला खाली वळवावं लागेल. बाकी भिंत कोरडी. ओसंडीच्या फटीतून एकदाही पाणी आलं नाही.

८ जून

पाऊस मेच्या शेवटापासून थंडावला आहे. पेरणी केलेले आकाशाकडे बघतायत, आम्ही मात्र या उघडिपीत पुढची पन्हळ चढवली. मिस्त्री पहाटे आले, उन्हाआधी डाग संपवले. पेटीला आडवा तुकडाही लागला. पोफळीचा सोट आबांना परत.

दक्षिणेच्या नळाचं पाणी विहिरीत सोडावं असा भावाचा आग्रह होता. कागदावर छान दिसतं: २० चौरस मीटर, पावसाळ्याचा तीन मीटर पाऊस, म्हणजे ६०,००० लिटर. पण जांभा चाळणी आहे. आमची विहीर जुलैत आपोआप काठाला येते आणि ते पाणी उताराने खाडीकडे झिरपून मे महिन्यात तळ दिसतो. जुलैत तिच्यात आणखी पाणी ओतून मेमध्ये काय उरणार? म्हणून नळ हजार लिटरच्या टाकीत आणि टाकी भरली की पोफळीच्या पाटात. टाकीआधी पाईपचा टी-जोड आणि खाली फिरकीचं झाकण, पहिल्या सरींचं घाण पाणी सोडून द्यायला. हे पाणी भांडी-कपड्यांना. डागात शिसं आहे, पिण्याला घ्यायचं नाही, हे टाकीवर रंगाने लिहिलं.

२२ जून

आता खरा पावसाळा आहे. पुढची पन्हळ, दोन्ही नळ ठीक. उत्तरेच्या नळाचं पाणी जोत्याजवळ पडत होतं, त्याला कोपर लावून फूटभर लांब दगडी पन्हाळीत नेलं. मागच्या पेटीची जाळी दर रविवारी काढून झटकते. आज त्यात फणसाची पानं, एक बेडूक आणि आईचा हरवलेला चिमटा निघाला. चिमटा तिथे कसा गेला याचं उत्तर वांदरांकडेच असेल.

रंग आत्ता द्यायचा नाही. नव्या जस्ती पत्र्यावर साधा ऑइलपेंट धरत नाही, जस्ताशी त्याची साबणासारखी क्रिया होऊन पापुद्रे सुटतात. एक पावसाळा उघडा राहू दे, ऑक्टोबरच्या उन्हात धुऊन, जस्ती पत्र्याचा प्रायमर मारून मग बाहेरून रंग. आतून डांबरी रंग मिस्त्री सुचवतात. दक्षिणेच्या पन्हळीला नको, ते पाणी टाकीत जातं. कोपऱ्याच्या पेटीला चालेल.

स्वयंपाकघराच्या उत्तरेला पन्हळ नाही आणि लावणारही नाही. तिकडे पागोळ्या थेट अळवात पडतात. कोपऱ्यातली खरवडलेली भिंत पूर्ण वाळल्याशिवाय हात लावायचा नाही, तेही दिवाळीनंतर. जुन्या पन्हळीचा दक्षिणेचा शाबूत तुकडा बागेत पाटाला टाकलाय. मिस्त्रींचा शेवटचा हप्ता गणपतीआधी द्यायचा आहे.